रोलर ओढणारा गोलंदाज

सीझन रणजीचा असो, आयपीएलचा असो, नाहीतर आपल्या इंटर-ब्रँचचा, हॉस्टेलच्या मेसमध्ये दोन वाद ठरलेले असतात. पहिला वाद म्हणजे कोण जीव तोडून खेळतो आणि कोण नुसता मैदानावर उभा राहून पैसे घेतो. दुसरा म्हणजे पुढचा चांगला बोलर कुठून येणार. पोळ्या गार होतात, आमटी संपते, पण वाद काही संपत नाही. फॉलो-थ्रूमध्ये कोण आळस करतो, कोणाचा खांदा लवकर पडतो, कोणात टॅलेंट आहे पण मेहनत नाही, याचे निकाल आपण इतक्या आत्मविश्वासाने देतो की व्हायवाला त्याच्या निम्मा आत्मविश्वास असता तर केटी लागली नसती!

त्यातून आपण नाशिककर. डावखुऱ्या फिरकीवर बोलायचा आपल्याला हक्कच आहे. बापू नाडकर्णी नाशिकचे. १२ जानेवारी १९६४ ला मद्रासच्या कसोटीत त्यांनी इंग्लंडला ओळीने २१ षटकं निर्धाव टाकली, आणि ३२ षटकांत दिल्या फक्त ५ धावा. महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला सत्यजित बच्छावही आपल्याच गावचा, तोही डावखुरा फिरकीवालाच. मुंबईचे पद्माकर शिवलकर तर प्रथम दर्जाच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेऊनही एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्यांच्या काळात बिशनसिंग बेदी होते. ही सगळी नावं आपल्याला माहीत असतात. पण या रांगेत ज्यांचं नाव सगळ्यात आधी घ्यायला हवं, ते मेसमधल्या एकाही वादात मी ऐकलेलं नाही. ते नाव म्हणजे बाळू पालवणकर.

माझी शाळा कॉन्व्हेंटची. तिथे जुनं भारतीय क्रिकेट म्हणजे रणजी, आणि रणजी म्हणजे केंब्रिज, एवढीच आमची मजल. माझं मराठी आजीकडून आणि हॉस्टेलकडून आलेलं आहे, त्यामुळे शुद्धलेखनवाल्यांनी थोडं सांभाळून घ्यावं. पालवणकरांची गोष्ट मी रामचंद्र गुहांच्या इंग्रजी पुस्तकात वाचली आणि वाटलं, ही आपल्या मराठी विभागात यायलाच हवी. आणखी एक. सचिनला आपण अरे-तुरे करतो ते प्रेमाने. बाळूंना त्यांच्या काळात लोक नुसतं बाळू म्हणत, ते मात्र वेगळ्या कारणाने. म्हणून या लेखात मी त्यांना अहो-जाहोच करणार आहे.

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराला धारवाडला झाला. घराणं चांभाराचं, म्हणजे त्या वेळच्या समाजाच्या हिशोबाने अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्यात आलं. पुण्याच्या कँपात गोऱ्या अधिकाऱ्यांचं क्रिकेट चाले. त्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. कोच नाही, अकॅडमी नाही. घरात पैशांची ओढाताण, त्यामुळे शिक्षण लवकर सुटलं आणि कामाला लागावं लागलं.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात. काम म्हणजे खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि मेंबरांना हवं असेल तेव्हा नेटमध्ये थोडे बॉल टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमाराला ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार चार रुपये झाला आणि कामंही वाढली. नेट लावायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, टेनिस कोर्टाचंही बघायचं. ट्रॉस नावाच्या एका गोऱ्या खेळाडूने त्यांना बॉलिंग करायला लावलं, आणि मग क्लबच्या लक्षात आलं की या पोराचा डावा हात काही वेगळाच आहे.

पूना क्लबचा सगळ्यात मोठा बॅट्समन होता कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग. सगळे त्याला 'जंगली' ग्रेग म्हणत. तो इतरांच्या तासभर आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या बॉलिंगवर सराव करी. असं सांगतात की बाळूंनी त्याला बाद केलं की तो दर वेळी आठ आणे देई. आता हिशोब करा. चार रुपये म्हणजे ६४ आणे. म्हणजे ग्रेगला आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला! आयपीएलमधल्या इन्सेंटिव्हच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता थोडं आपल्या भाषेत बोलू. डावखुऱ्या फिरकी बोलरचं काम म्हणजे वर्कशॉपमधल्या चांगल्या टर्नरसारखं असतं. एक जॉब कोणीही बरोबर करेल. तोच जॉब शंभर वेळा त्याच टॉलरन्समध्ये करता आला पाहिजे. बॉल बोटांनी फिरवला की मॅग्नस परिणामामुळे तो हवेत किंचित सरकतो, मग टप्पा पडल्यावर उलट्या बाजूला वळतो. थेअरी एवढीच. पण टप्पा वीतभर पुढे पडला तर बॅट्समन ड्राइव्ह मारणार, वीतभर मागे पडला तर मागे जाऊन झोडणार. बाळू बॉल दोन्हीकडे वळवत, वेग बदलत, मध्येच एक सरळ आत घुसणारा बॉल टाकत, आणि हे सगळं करूनही टप्पा हलू देत नसत. ही अचूकता आली ती पूना क्लबच्या नेटमधल्या शेकडो तासांतून.

पण त्या शेकडो तासांत बाळूंना बॅटिंग एकदाही मिळाली नाही. बॅटिंग साहेबांसाठी, बॉलिंग नोकरासाठी, असा तो नियम होता. पुढे त्यांच्या प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी १५.२१ च्या सरासरीने आले आणि धावा आल्या ७५३. आपण आकडे बघून म्हणणार, बॅटिंग कच्ची होती. पण ज्याला उमेदीच्या वर्षांत बॅट हातात धरू दिली नाही, त्याची बॅटिंग कच्ची की पक्की, हे कोणी आणि कसं ठरवायचं?

गोऱ्यांचा बॅट्समन एका नोकराच्या बॉलिंगवर तयार होतोय, ही बातमी पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबापर्यंत गेली. युरोपियनांना हरवायचं तर हा बोलर आपल्याकडे हवा. पण तो अस्पृश्य. क्लबात बरीच वादावादी झाली. काही तेलुगू मेंबर बाळूंच्या बाजूने होते, काही ब्राह्मण मेंबर बाजूने तर काही विरोधात. खुद्द ग्रेगनेही जाहीरपणे सांगितलं की जातीसाठी असा बोलर सोडणं हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. शेवटी बाळूंना घेतलं.

घेतलं म्हणजे काय, तेही बघा. मैदानावर सगळे तोच बॉल हाताळायचे. बाळूंनी टाकलेला, बाळूंच्या घामाचा. त्याने कोणाला विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीच्यांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपात चहा, आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. तोंड धुवायचं झालं तर एका कोपऱ्यात जायचं, आणि पाणी घालायलाही अस्पृश्य नोकरच यायचा. हे सगळं झाल्यावर परत मैदानात जायचं आणि त्याच लोकांसाठी विकेट काढायच्या. मेसमध्ये आपण खेळाडूची मेहनत मोजतो ना, त्या मोजणीत चहाच्या सुट्टीतली ही मेहनत कुठे धरायची?

साताऱ्याचा एक किस्सा आहे. पूना हिंदूंचा सामना तिथल्या युरोपियन जिमखान्याशी होता. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला. खेळपट्टी दाबून कडक आणि गुळगुळीत केली की बॉलला पकड मिळत नाही, तो वळायच्या ऐवजी सरळ घसरत येतो. कल्पना इंजिनिअरिंगच्या दृष्टीने बरोबर होती. फक्त ती वापरली कोणावर, तर ज्याचं तारुण्य रोलर ओढण्यात गेलं त्याच्यावर! खेळपट्टी म्हणजे काय हे त्या मैदानावर बाळूंइतकं कोणाला कळत असेल? त्यांनी सात बळी घेतले आणि पूना हिंदू जिंकले. त्यानंतर साताऱ्यात त्यांची हत्तीवरून मिरवणूक काढल्याचं सांगतात. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातला आणि खेळाडूंना समजावलं की ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर खायला-प्यायलाही हवं. पुढे एका सभेत लोकमान्य टिळकांनीही त्यांचा सत्कार केला.

१८९६ च्या अखेरीला पुण्यात प्लेग आला. त्याच सुमाराला पालवणकर कुटुंब मुंबईला गेलं. काही काळ लष्करात, मग बी.बी.सी.आय. रेल्वेत, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेत, बाळूंना नोकरी मिळाली. हिंदू जिमखान्यातही आधी विरोध, मग प्रवेश, असंच झालं. पण मुंबईत एक फरक पडला. इथे बाळू आणि शिवराम जिमखान्याच्या कॅफेटेरियात इतर खेळाडूंच्या बरोबरीने जेवायला बसू लागले. मातीच्या भांड्यापासून त्या टेबलापर्यंत यायला दहाएक वर्षं लागली, आणि हे अंतर कापलं डाव्या हाताच्या बॉलिंगने.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा मोठा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. त्या काळात राज्य गोऱ्यांचं, क्रिकेट गोऱ्यांचं, आणि त्यांना त्यांच्याच खेळात हरवणाऱ्यांमध्ये दोन चांभार भाऊ! समाजसुधारणेच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनी हा विजय जातिभेद सैल होण्याची खूण म्हणून गौरवला.

मग आलं १९११ साल. पहिल्यांदाच अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय अवघं १९. महाराज फार थोडे सामने खेळले. त्यांचा बराच वेळ मेजवान्यांत गेला, आणि संघातले उत्तम बॅट्समन केकी मिस्त्री त्यांच्या दिमतीला अडकले, त्यामुळे तेही फारसे खेळले नाहीत. संघ २३ पैकी १५ सामने हरला. आणि पस्तिशीतले, खांदा दुखत असलेले बाळू मात्र बॉलिंग टाकतच राहिले. दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ च्याही आत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. ज्या केंब्रिजमुळे आमच्या शाळेत रणजी माहीत होते, तेच हे केंब्रिज! कोण जीव तोडून खेळतो आणि कोण नुसता मिरवतो, या आपल्या वादाला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला तरी दुसरं सापडलं नाही.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळी मानपत्र देणारा तरुण होता कॉलेजात शिकणारा भीमराव आंबेडकर. वय साधारण वीस, म्हणजे आज आपलं आहे तेवढंच. आपल्यातला एक माणूस गुणांच्या जोरावर इतका वर जातो, याचा त्या तरुणाला अभिमान होता.

एवढं सगळं झाल्यावर बाळू हिंदूंचे कर्णधार झाले असतील, असं तुम्हाला वाटेल. नाही झाले. संघातले सगळ्यात अनुभवी खेळाडू तेच होते. १९१३ चे कर्णधार एम. डी. पै, ते ब्राह्मण. त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा मान खरं तर बाळूंचा. तरी निवड समिती हलली नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर पहिल्या सामन्यात बाळूंना वगळलं. पै खेळू शकत नव्हते, तेव्हा कर्णधारपद मिळालं दि. ब. देवधरांना, ज्यांच्या नावाची ट्रॉफी आपण सगळे ओळखतो. देवधर थोर खेळाडू, त्याबद्दल वाद नाही. पण शिवराम आणि सगळ्यात धाकटे विठ्ठल हे पालवणकर बंधू त्यांना सीनियर होते, आणि आपल्याला जातीमुळेच डावललं जातंय हे त्यांना दिसत होतं. दोघांनी संघातून माघार घेतली आणि कारण उघडपणे सांगितलं. लोकमत त्यांच्या बाजूने झालं. अंतिम सामन्यात पै परत आले, पालवणकर बंधू परत आले, आणि बाळू उपकर्णधार झाले. पै मैदानाबाहेर गेले तेव्हा काही वेळ संघाचं नेतृत्व बाळूंनी केलं. कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं ते एवढंच. वय ४४.

तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्यांनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून नेलं. म्हणजे मोठ्या भावाने ओढलेल्या रोलरचं फळ धाकट्याला मिळालं. विठ्ठलरावांनी पुढे 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं आहे. लायब्ररीत मिळालं तर नक्की वाचा.

यापुढची गोष्ट आपल्या नाशिकजवळ येते. २ मार्च १९३० ला इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते आणि हजारो माणसं, अनेक वर्षं. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात आंबेडकरांनी जाहीर केलं की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. बाळू तोपर्यंत राजकारणात आले होते. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. पण येवल्याच्या घोषणेला त्यांनी विरोध केला. धर्म सोडू नये, आतूनच सुधारणा करावी, असं त्यांचं मत होतं. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. ज्या तरुणाने मानपत्र दिलं होतं, त्याच्याशीच लढत! आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली आणि बाळूंना ११,२२५.

इथे आमच्या रूमवर वाद झाला. एक रूममेट म्हणाला की बाळू चुकीच्या बाजूला गेले. दुसऱ्याला ते पटेना. मला असं वाटतं की दोघांचे अनुभवच वेगळे होते. बाळूंनी एक दार हळूहळू उघडताना पाहिलं होतं. मातीचं भांडं, मग टेबल, मग उपकर्णधारपद, मग भावाचं कर्णधारपद. बॉल टाकत राहिलं तर समाज बदलतो, हे त्यांनी स्वतः भोगून पाहिलं होतं. आंबेडकरांनी काळारामचं दार वर्षानुवर्षं बंद पाहिलं. शिवाय ते हेही बघत होते की ज्याच्याकडे डावखुरी फिरकी नाही, अशा लाखो माणसांनी काय करायचं? कपातला चहा मिळायला प्रत्येकाने आधी सात विकेट काढायच्या का? मला स्वतःला आंबेडकरांचा हा मुद्दा पटतो. पण म्हणून बाळूंनी जे सोसलं ते कमी होत नाही. ४ जुलै १९५५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. तोपर्यंत भारत कसोटी क्रिकेट खेळू लागून २३ वर्षं झाली होती, आणि त्यांच्या नावाची एकही मोठी स्पर्धा नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हा सगळा इतिहास झाला, आपला काय संबंध? संबंध आहे. संध्याकाळी नेटच्या बाजूने एकदा चक्कर मारा. पेठ-सुरगाण्याकडून, दिंडोरीकडून आलेली काही फर्स्ट इयरची मुलं तासभर बॉलिंग टाकत असतात. बॅटिंग करतात ते स्वतःचं किट असलेले, कॅप्टनच्या रूमवर ऊठबस असलेले. अंधार पडतो, नेट गुंडाळलं जातं, आणि या मुलांची बॅटिंग उद्यावर जाते. तो उद्या येत नाही. मग ट्रायलच्या दिवशी त्यांना सहा बॉल बॅटिंग मिळते, पॅडचे पट्टे बांधता बांधता निम्मा वेळ जातो, आणि कागदावर शेरा पडतो की हा फक्त नेट बोलर. मुद्दाम कोणी करत नाही, मला मान्य आहे. पूना क्लबातही कोणी रोज ठरवून करत नसेल. तशी पद्धतच होती, इतकंच.

म्हणून माझी क्रीडा समितीला एक विनंती आहे. यंदाच्या ट्रायलला प्रत्येकाला निदान तीन षटकं बॉलिंग आणि तीन षटकं बॅटिंग मिळावी, कॉलेजच्याच किटवर. नेटमध्ये जो बॉलिंग टाकेल त्याचा बॅटिंगचा नंबर त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत लागावा. आणि रोलर ओढायला ग्राउंडवरच्या काकांबरोबर सगळ्यांची पाळी असावी, कॅप्टनचीसुद्धा. यात खर्च एक पैशाचा नाही.

फर्स्ट इयरच्या दोस्तांनो, तुम्हीही लाजू नका. जिमखान्याच्या नोटीस बोर्डवर ट्रायलची यादी लागली की नाव लिहा, आणि नावापुढे नुसतं बोलर लिहू नका, बॅट्समनही लिहा.